तिसऱ्या पिशवीतला कोरडा कोळसा

ती घटना आजही आठवली की डोकं सटकतं. आणि राग नुसता आरोपीचा येतो असं नाही.

जालन्याजवळच्या एका कारखान्याचं स्वतःचं वीज केंद्र होतं. तिथे परदेशातून आणलेला कोळसा जळायचा. एके दिवशी कारखान्याचे खरेदीप्रमुख ठाण्यात आले आणि त्यांनी आपल्याच केमिस्टविरुद्ध फिर्याद दिली. माल उत्तम असताना हा मुद्दाम निकृष्ट म्हणून अहवाल देतो आणि पुरवठादाराकडे पैसे मागतो, असं त्यांचं म्हणणं. सोबत गुणवत्तेचा छापील दाखला, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. आम्ही भाळलो. बदनापूरहून रोज रेल्वेने येणाऱ्या त्या केमिस्टला अटक झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी चालू असताना हसनाबादची एक बाई आली. कारखान्यात ती तपासणीसाठीचा कोळसा कुटायची. ठाणे अंमलदार तिला वाटेला लावत होता, मी आत बोलावलं.

"साहेब, आमी दिवसभर कोळसा कुटून राह्यलो, पन पिशवीत आमचा कोळसा जातच न्हाई," ती म्हणाली. "भरलेल्या पिशव्या बाहेरून येतेत. त्या केमिस्ट मास्तरांनी कारखान्यात उतरलेल्या ढिगातला कोळसा तपासला, मंग त्यांलाच धरलं तुमी."

रीत अशी होती. प्रत्येक खेपेचा कोळसा कुटून, मिसळून तीन पिशव्या भरायच्या आणि लाखेची मोहर लावायची. एक कारखान्याला, एक पुरवठादाराला, तिसरी वादासाठी कपाटात. मी पंचांसमक्ष तिसऱ्या पिशव्या जप्त करून सरकारी प्रयोगशाळेत पाठवल्या. मोहरा शाबूत होत्या. कोळसा खरंच उत्तम निघाला. क्षणभर वाटलं, बाई खोटं बोलली.

मग ओलाव्याचा रकाना बघितला. सगळ्या खेपांचा कोळसा सारखाच कोरडा! त्यातली एक खेप तर गारपिटीच्या दिवशी आली होती.

खरेदीप्रमुखांना चौकशीला बोलावलं. ते म्हणाले, गाड्यांवर ताडपत्री बराबर होती. मी फाटकावरची नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली. पहारेकऱ्याने लिहिलं होतं, 'गाड्या उघड्या, माल चिंब, उतरवणी उद्या.' शेजारी मंजुरीची सही यांचीच. गृहस्थांनी पाणी मागितलं आणि पुरवठादाराशी संगनमत असल्याचं कबूल केलं. चांगल्या कोळशाचा एक ढीग पुरवठादाराच्या गोदामात खास पिशव्या भरण्यासाठी ठेवला होता. कारखान्यात मात्र दगडमाती मिसळलेला माल उतरायचा. आणि हे उघडं पाडणाऱ्या माणसाला गजाआड करायला या भामट्याने पोलीस वापरले. पोलीस म्हणजे मी.

या तपासाने मला एक शिकवलं. दाखल्यावर काय छापलंय ते नंतर वाचावं, नमुना कोणाच्या हातून भरला गेला ते आधी विचारावं. कुटणाऱ्या बाईला जे माहीत असतं ते कचेरीतल्या फायलीत नसतं.

केमिस्टला सोडताना मी चहा विचारला. त्याने तो घेतला नाही.

"साहेब, तिसरी पिशवी आणि गारपिटीची खेप बघा, असं मी पहिल्याच दिवशी जबाबात सांगितलं होतं," तो म्हणाला.

तो गेल्यावर मी जबाब काढला. हवालदाराने शब्दन् शब्द उतरवला होता. खाली माझी सही होती. न वाचता केलेली.