तिकिटावरचे पहिले नाव

विमानाचे स्वस्त तिकीट शोधण्याचे काम मुलीने मला दिले नव्हते. ते मी तिच्या हातून काढून घेतले. पुढे मी ज्यांच्यावर आरोप करणार आहे त्यांच्या आधी ही नोंद असावी, म्हणून ती प्रथम करतो.

माझी मुलगी पिरंगुटच्या एका कारखान्यात माल तपासण्याच्या विभागात आहे आणि रविवारी कडे चढते. पुण्याची एक मैत्रीण तिच्या जोडीला असते. एक वर चढते तेव्हा दुसरी खाली उभी राहून दोर सांभाळते. त्याला त्या दोघी बिले म्हणतात. ताम्हिणीच्या अंगाला आमचा काळा कातळ आहे, तो धरावा तिथे हातात येतो. त्याच्यावरच दोघी शिकल्या. थायलंडमध्ये समुद्रकाठी चुनखडीचे उभे कडे आहेत आणि तिथे जगभरचे लोक चढायला येतात, असे मुलीने मला दोन वर्षांत इतक्यांदा सांगितले होते की तो किनारा मी पाहिल्यासारखा झाला होता. त्या दोन वर्षांत तिने रजा साठवली. रोज सकाळी ती दाराच्या चौकटीला बोटांच्या टोकांवर लटके आणि मी वर्तमानपत्र हातात घेऊन तिच्या काखेखालून बाहेर पडे. शेवटी बारा दिवस मंजूर झाले. इतकी सलग रजा यापुढे मिळणार नाही, असे कारखान्याने तिला लेखी कळवले. तेव्हा जायचे ते याच खेपेला.

तिने तिकीट शोधलेही होते. पुण्याहून जाणारे, सामानासह, बरे तिकीट. ते दाखवायला ती माझ्यापाशी आली, ही तिची चूक.

"अटी वाचल्यास?" मी विचारले.

"आप्पा, सगळ्यांच्या अटी सारख्याच असतात."

"दोरीला लोंबकळायला अक्कल लागत नाही. करार वाचायला लागते."

स्वयंपाकघरातून तिची आई म्हणाली, "पोरीला आदी जेवू तरी द्या. मग बसवा तुमचं कोर्ट."

मी कोर्ट बसवले. पौडच्या दस्तनोंदणी कार्यालयात माझी सारी नोकरी झाली. न वाचलेल्या एका ओळीपायी लोकांच्या जमिनी जाताना मी टेबलाच्या अलीकडून पाहिल्या आहेत, आणि त्या दस्तांवर शिक्का मारणारा हात माझाच होता. निवृत्तीनंतर मी पत्रे लिहितो. टेकडी कापणाऱ्यांना, रस्त्यावर फाटक घालणाऱ्यांना, भोंगे लावणाऱ्या रिसॉर्टवाल्यांना. पोस्टातले लोक मला पाहिले की पोचपावतीचे कार्ड आधीच काढून ठेवतात. अशा माणसाच्या घरात वीस पानांचा करार न वाचता मान्य होणार, हे मला सहन झाले नाही.

त्यानंतर महिनाभर दुपारच्या दुपारी मी संगणकापुढे बसलो. तो धंदा मी आतून पाहिला आणि त्याच्याविषयी सौम्य शब्द माझ्यापाशी नाहीत. सकाळी पाहिलेले भाडे दुपारी पाहावे तर वाढलेले असे, कारण मी ते पाहिले होते. 'शेवटची दोन आसने' हा इशारा आठ दिवस तसाच होता; ती दोन आसने कोणी घेत नव्हते आणि संपतही नव्हती. मी न मागितलेला विमा आधीच मान्य करून ठेवलेला असे. शेवटच्या पानावर 'सुविधा शुल्क' नावाची रक्कम उगवे. सुविधा कोणाची, हे मी त्यांना पत्राने विचारले. उत्तर आले की माझे मत त्यांच्यासाठी मोलाचे आहे.

सामानाचा प्रश्न वेगळाच. स्वस्त तिकिटात हातातली पिशवी तेवढी चाले. सत्तर मीटरचा दोर, लोखंडी कड्या, कंबरेचे पट्टे हे सगळे घेऊन मी पौडला भुसार दुकानात गेलो आणि काट्यावर ठेवले.

दुकानदार म्हणाला, "साहेब, बाजरी आणायची सोडून हे काय आणलंय? अजगर हाय का?"

"वजन सांगा."

"सांगतो. पन ह्याला भाव न्हाई आपल्याकडं."

वजन धरून, भाडे धरून, मुंबईहून दुपारी सुटणारे एक विमान अखेर मला सापडले. मुलीने शोधलेल्या तिकिटापेक्षा ते खरोखरच स्वस्त होते. किती, ते आता सांगण्यात अर्थ नाही. मैत्रिणीने माझ्याकडून विमानाचा क्रमांक घेतला आणि बोलता बोलता मोबाईलवर आपले तिकीट काढूनही टाकले. मी मात्र प्रत्येक अट वाचली. नाव भरण्याच्या जागी इंग्रजीत तीन चौकोन होते: पहिले, मधले, शेवटचे.

नोकरीभर मी ज्या क्रमाने नावे लिहिली, त्याच क्रमाने लिहिले. सातबाऱ्यावर, खरेदीखतावर, मतदारयादीत माणसाचे पहिले नाव म्हणजे त्याचे आडनाव. मग तो स्वतः. मग त्याचा बाप. पहिल्या चौकोनात मी आमचे आडनाव घातले, मधल्यात मुलीचे नाव आणि शेवटच्यात माझे. 'पासपोर्टप्रमाणे आहे काय?' असे पुढे विचारले होते. मी पासपोर्ट उघडून पाहिला. त्यावरही आडनावाची ओळ वर होती. 'होय' म्हणून पैसे भरले.

तिकीट माझ्या ईमेलवर आले. मी ते छापून घेतले, भोके पाडून फाईलला लावले आणि फाईल कपाटात ठेवली.

"आप्पा, मला मोबाईलवर पाठवा ना."

"मूळ प्रत सुरक्षित आहे. तुझ्या मोबाईलवर काय काय हरवते ते मला माहीत आहे."

निघायला तीन आठवडे उरले असताना मी अंगणात दाढी करत होतो, तेव्हा तिने कपाटातून फाईल काढली. मैत्रिणीला फोटो पाठवायचा होता. ती फाईल तशीच उघडी धरून बाहेर आली.

"आप्पा, ह्यात मी कुठंय?"

कंपनीने तिकिटावर पहिले आणि शेवटचे एवढीच दोन नावे छापली होती. मधले गाळले होते. प्रवाशाच्या रकान्यात आमचे कुळ होते आणि मी होतो. विमानात बसणारी नव्हती.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदीत, गोड आवाजात म्हणाली, "सर, इस टिकट में नाम बदलने की अनुमति नहीं है." मी अटीचा क्रमांक विचारला. तिने तो पाठ म्हणून दाखवला. अट मी वाचलेली होती. ती मला आवडलीही होती. नियम असा ठाम असावा, असे वाचताना मनात आले होते.

मुलगी ओसरीच्या पायरीवर बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "आप्पा, जाऊ द्या. मी नवीन काढते. माझ्याकडं आहेत पैसे."

त्यावर मी जे बोललो ते शब्दशः लिहितो. मी म्हणालो, "नवे तिकीट काढणे म्हणजे चूक कबूल करणे. तू ते काढलेस की आपला दावा बुडाला. कायदा असाच आहे."

कायदा असा नाही. ज्याचे नुकसान होते त्याने ते वाढू न देण्याचा वाजवी प्रयत्न करावा, हेच कायदा सांगतो. नवे तिकीट काढून त्याची भरपाई मागणे हाच सरळ मार्ग होता. मला हे त्या क्षणी ठाऊक होते. पण नवे तिकीट निघाले असते तर माझी चूक मिटून गेली असती, भांडण उरले नसते, आणि तिने पहिल्या दिवशी दाखवलेले तिकीटच बरे होते एवढेच उरले असते. तिच्या आयुष्यात कायदा म्हणजे मी. तिने विश्वास ठेवला.

"मग कसं करायचं?" तिने विचारले.

"मी लिहितो त्यांना."

तिची आई दारात आली. "तुमच्या पत्रानं इमान उडतंय व्हय?"

"तू यात पडू नकोस."

"मी न्हाई पडत. पडायची ती पोरगी पडंल."

मी सात पत्रे लिहिली. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला, विमान कंपनीला, तिच्या दूरच्या मुख्यालयाला. नावांचा क्रम म्हणजे नावात बदल नव्हे, हा मुद्दा मी अकरा परिच्छेदांत मांडला. मधले नाव गाळण्याचा अधिकार छापणाऱ्याला कोणी दिला, हा प्रश्न वेगळ्या पत्रात. त्या पत्रांत एकही चूक नाही. आजही मी ती वाचतो तेव्हा त्यांतला शब्द हलवावासा वाटत नाही. जेवायला बसण्याआधी मुलगी मोबाईलवर पाहून नव्या तिकिटाचे त्या दिवसाचे भाडे सांगत असे. ते चढत होते. दुसऱ्या आठवड्यात तिने ते सांगणे सोडले. तोवर ते तिच्या आवाक्याबाहेर गेले होते, हे मला तिच्या आईकडून कळले.

ठरल्या दिवशी आम्ही विमानतळावर गेलो. मी फाईल घेतली होती. इस्त्रीचा सदरा घातला होता.

खिडकीवरच्या तरुणाने तिकीट पाहिले, पासपोर्ट पाहिला, मग तिच्याकडे पाहिले. "काका, हे कोणाचं तिकीट आहे?"

"हिचे."

"यात यांचं नाव नाहीये."

मी फाईल उघडली. पहिला परिच्छेद वाचू लागलो. मागे रांग वाढली. चाकाच्या बॅगा माझ्या टाचांना लागू लागल्या. कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "अंकल, घर जाके पढ़ लो." मी त्याच्याकडे वळून, बोलणे वैयक्तिक करू नये असे बजावले आणि तिसरा परिच्छेद सुरू केला. तरुणाने ऐकून घेतले, वरिष्ठांना बोलावले. वरिष्ठांनीही ऐकून घेतले. नाही म्हणताना दोघांनीही माझ्याशी एक शब्द वावगा उच्चारला नाही, आणि तो राग मी अजून कुठे ठेवू शकलेलो नाही.

वळून पाहिले तर मुलगी जमिनीवर गुडघे टेकून आपली बॅग उघडत होती. तिने दोर काढला आणि मैत्रिणीच्या हातात दिला. दोर तिचा होता. मैत्रिणीकडे स्वतःचा नव्हता.

"तिकडं कोणी ना कोणी मिळेल तुला," ती म्हणाली. "नवीन माणूस असेल तर आधी त्याची गाठ तपास."

मैत्रीण रडली. मुलगी रडली नाही. जाताना मैत्रिणीने माझ्या हातातल्या कागदावर नजर टाकली.

"काका, तुमचं नाव मात्र बरोबर छापलंय त्यांनी."

परतीच्या गाडीत मुलगी काचेकडे तोंड करून बसली होती. तिच्या मांडीवर दोर काढलेली बॅग होती. घाट चढून आल्यावर मी तिला म्हणालो, "एका अर्थी बरे झाले. प्रवेश प्रत्यक्ष नाकारला गेला. आता दावा भक्कम झाला."

हे वाक्य मी उच्चारले आहे. ते मागे घेण्याची तरतूद मला सापडलेली नाही.

मैत्रिणीला तिकडे जोडीदार मिळाली. तिने धाडलेले फोटो मुलीने एकेक करून पाहिले: पांढरा कडा, खाली हिरवे पाणी, मधोमध तिचा निळा दोर आणि त्याच्या टोकाला एक परकी मुलगी. दोर परत आला तेव्हा त्याला मिठाचा वास होता. तिने तो धुतला, सावलीत वाळवला आणि आपल्या खोलीतल्या खुंटीला टांगला. साठवलेली रजा तिने घरीच काढली होती. ते बाराही दिवस तिने माझ्यासाठी वेळेवर चहा केला.

मी पत्रे चालू ठेवली. स्मरणपत्र, अंतिम स्मरणपत्र, नोटीस. वर्ष उलटल्यावर कंपनीचे उत्तर आले. छापील नमुन्यात मधल्या नावाची सोय अपुरी होती हे त्यांनी मान्य केले होते, दिलगिरी व्यक्त केली होती आणि सगळे भाडे परत केले होते. त्यांनी माझाच शब्द वापरला होता: 'अपुरी'.

ते पत्र हातात घेऊन मी मुलीच्या खोलीकडे गेलो. दार उघडे होते. खुंटीवर दोर नव्हता. कपाटावरची मोठी बॅगही नव्हती.

मी स्वयंपाकघरात आलो. बायको भाकरी थापत होती.

"पोरगी कुठे आहे?"

"गेली."

"कुठे गेली?"

"त्या समिंद्रावर. परवा. तुमी पौडला पोस्टात गेला व्हता तवा."

"पण रजा? रजा मिळणार नव्हती."

"रजा कशाला लागतीया? नोकरी सोडली तिनं."

मी विचारले, "मला का सांगितले नाही?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "तुमाला सांगितलं असतं, तर गेली असती व्हय?"

मी टेबलापाशी येऊन बसलो आणि कंपनीचे पत्र पुन्हा वाचले. मायना होता 'सन्माननीय प्रवासी', आणि पुढे तीच दोन नावे: आमचे आडनाव आणि मी. दिलगिरी माझ्याजवळ व्यक्त केलेली होती. कागद घेतला आणि त्यांना कळवले की, आपण प्रवाशाचे नाव अद्याप चुकीचे लिहीत आहात. ते पुढीलप्रमाणे आहे. मग आधी तिचे नाव लिहिले.

भाकरी आणून ठेवताना बायकोने कागदाकडे पाहिले.

"आता कुनाला लिवताय?"

मी सांगितले.

"तिला लिवा की," ती म्हणाली.

तिचा तिकडचा पत्ता माझ्याकडे नव्हता. बायकोकडे होता. तिने तो दिला नाही, आणि मीही मागितला नाही.