सेप्टाताई कोणाच्या बबलमध्ये?

सेप्टा कॅरीनला आमच्या डूलन्स कोव्ह गावात सगळे सेप्टाताईच म्हणतात. माझं घर तिच्या कुंपणाला लागून. तिनं लग्न केलं नाही. आईचं आजारपण तिनंच काढलं, धाकटा भाऊ गस याची पोरं तिच्याच स्वयंपाकघरात रांगायला शिकली. दर रविवारी खारवलेलं बीफ, कोबी आणि सलगम यांचं भलंमोठं पातेलं तिच्या चुलीवर चढायचं. गस आणि त्याची बायको शॅरन, बहीण लोरेटा आणि तिचा नवरा डेस आपापला गोतावळा घेऊन जेवायला यायचे आणि उरलेलं डब्यात भरून न्यायचे.

टाळेबंदी लागली आणि रविवार बंद पडले. एप्रिल संपता संपता टीव्हीवर जाहीर झालं की आता एका घरानं दुसऱ्या एकाच घराशी बबल करायचं, म्हणजे फक्त त्या दोन घरांनी एकमेकांकडे जायचं-यायचं. दोन्ही घरांची संमती हवी, आणि एकदा ठरलं की बदल नाही.

सेप्टाताई लगेच कुंपणाशी आली. केस विस्कटलेले, तोंडावर काळजी.

"आता कोणाला नाही म्हणू गं? गसला म्हटलं तर पोरं हिरमुसतील. लोरेटाला म्हटलं तर ती वर्षभर बोलणार नाही. तुला माहितेय ना तिचा स्वभाव!"

"झोपून उठ, मग ठरव," मी म्हटलं.

पण झोप कसली! दुसऱ्या दिवशीही ती घरात येरझाऱ्या घालत होती. शेवटी पोरांसाठी गसचं घर धरायचं ठरलं. लोरेटाला कसं सांगायचं, कुठला शब्द आधी घालायचा, हे तिनं मला कुंपणापलीकडून म्हणून दाखवलं. मग व्हरांड्यात बसून फोन लावला, स्पीकरवर. मला सगळं ऐकू येत होतं.

"लोरेटा, हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस हं. मी खूप विचार केला..."

"ताई, अगं एवढं काय त्यात! आम्ही डेसच्या आईवडिलांबरोबर केलंसुद्धा. तू गसकडे असणार हे आम्ही धरूनच चाललो होतो."

"हो, हो. तेच सांगायला फोन केला होता," सेप्टाताई म्हणाली आणि गसचा नंबर लावला.

"ताई!" गस अगदी खुशीत होता. "बरं झालं केलास. शॅरनची आई आली बघ आमच्यात. शॅरनची ड्यूटी सुरू झाली ना, पोरांना बघायला कुणी तरी हवंच. तुझं काय, लोरेटाबरोबर ना?"

"पोरांना बघायला मी नव्हते का?"

"अगं, आम्हाला वाटलं लोरेटानं तुला धरलंय!"

"धरलंय? मी काय बाजारातली कोंबडी आहे?"

फोन आपटल्याचा आवाज मला घरात ऐकू आला.

संध्याकाळी मिल्ड्रेडचा फोन. ही त्यांच्या वारलेल्या भावाची, लिओची बायको, टेकडीच्या पलीकडे एकटी राहते. दोघींचं कधी पटलं नव्हतं. मिल्ड्रेडला आडपडदा माहीत नाही. "तुलाही कुणी घेतलं नाही म्हणे. मलाही नाही. येऊ का?"

"त्यापेक्षा मी चुलीशी गप्पा मारीन," सेप्टाताई म्हणाली.

पुढचे काही दिवस तिनं एकटीनंच काढले. गस पायरीवर किराण्याची पिशवी ठेवून जायचा. त्यात तिला न चालणारा चहा, कुबट बटाटे. पोरं रस्त्यावरून हात हलवायची. धाकटी ओरडायची, "आत्या, बाहेर ये ना!" आणि गस म्हणायचा, "ताई, धीर सोडू नकोस हं!" खिडकीतून सेप्टाताई हसायची, आणि ते वळले की पिशवी लाथेनं आत ढकलायची. रविवारी सवयीनं तिनं पातेलंभर शिजवलं. बशीत वाढून घेतलं, दोन घास खाल्ले, आणि तशीच उठून मिल्ड्रेडला फोन लावला.

"ये. पण सिगरेट बाहेर."

मिल्ड्रेड आली ती आल्याआल्या म्हणाली, "कोबीचा किती गाळ केलास!" पत्त्यांत तिची लबाडी, रेडिओवर तिचाच कार्यक्रम. सेप्टाताई रोज सकाळी माझ्याकडे तक्रार करायची. "बदलता येत नाही ना! कोणी केला हा नियम?" पण माझ्या लक्षात आलं होतं, ती परत जेवायला लागली होती.

मे संपता संपता नियम सैल झाले. गसनं दोघी बहिणींना आणि मलाही जेवायला बोलावलं. पोरं आत्याच्या गळ्यात पडली आणि सेप्टाताईनंही त्यांना घट्ट आवळलं आणि आपले डोळे पुसले. मग टेबलावर गस खुर्चीत रेलून म्हणाला, "चला, सगळं पहिल्यासारखं झालं. ताई, पुढच्या रविवारपासून तुझ्याकडेच ना?"

सेप्टाताईनं काटा खाली ठेवला. "गस, पुन्हा असं काही आलं ना, तर आधी मला फोन करायचा. मी कुणाकडे असेन, हे मला विचारायचं. आपणच धरून चालायचं नाही."

"हो, हो, ताई, नक्की," गस म्हणाला, आणि लोरेटाकडे वळला. "ग्रेव्ही दे जरा इकडे."

लोरेटानं ग्रेव्ही दिली. सेप्टाताई माझ्याकडे बघत राहिली.