सहा काकूंचा खांब

इस्तंबूलच्या इमारतींची खरी उंची जगात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो माणूस टेक्सासमधल्या शुगर लँड गावात आमच्या शेजारी राहतो. पुस्तकं मीटर सांगतात, गाइड फूट सांगतात, शेजारचे काका काकूंमध्ये सांगतात. जमिनीखालच्या बायझंटाइन पाणीटाकीतला खांब सहा काकू. शहराची जुनी तटबंदी आठ काकू. आया सोफियाचा घुमट छत्तीस, "पण तो अंदाजे हं, हिला तिथवर चढवता येत नाही."

काकांची सगळी नोकरी तेलाच्या पाइपलाइनी तपासण्यात गेली. भेगेचा फोटो काढायचा तर शेजारी पेन ठेवायचं, म्हणजे भेग केवढी ते कळतं, ही तिथली शिस्त. निवृत्तीनंतर पेनच्या जागी काकूंची नेमणूक झाली. भारतात जाताना दोघं दर वेळी इस्तंबूलला चार दिवस उतरतात, आणि काका काकूंना बायझंटाइन सम्राटांपासून ऑटोमन सुलतानांपर्यंत सगळ्यांच्या भिंतींना टेकवून येतात. मापात फरक नको म्हणून काकूंचे बूट कायम तेच, करडे. हसायला परवानगी आहे, मान तिरकी करायला नाही. एकदा सुलेमानिया मशिदीच्या अंगणात काकू इतक्या निमूट उभ्या राहिल्या, की रांग असेल असं वाटून चार जर्मन पर्यटक त्यांच्या मागे येऊन थांबले. "एकच काकू हवी, बाकीचे हटा!" काका चक्क मराठीत ओरडले, आणि ते बिचारे सॉरी म्हणून हटलेसुद्धा. मुलगी फोनवर वैतागायची, "बाबा, शी इज नॉट अ रूलर!" त्यावर काका शांतपणे म्हणायचे, "अगं, स्केल नसेल तर तो फोटो नाही, कॅलेंडरवरचं चित्र आहे." मला काकूंची दया यायची, पण हसूही यायचं, हे कबूल करतो.

गेल्या वर्षी परत आल्यावर काकांनी एका दुपारी मला बोलावून घेतलं. चेहरा पार उतरलेला. कॉम्प्युटरवर टाकीतल्या त्याच खांबाचा फोटो होता. "तीनदा मोजला रे. सहाच्या वर जातोय."

"कॅमेऱ्याचा अँगल असेल, काका."

"अँगल चेक केला, बूट चेक केले. दीड हजार वर्षं तो खांब वाढला नाही, आता काय वाढणार?" मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "ही कमी झालीय."

दुसऱ्याच दिवशी ते काकूंना डॉक्टरकडे घेऊन गेले. हाडं ठिसूळ झाली होती, पाठीचे दोन मणके दबले होते. पाठ कधीपासून दुखत होती, पण ट्रिप कॅन्सल होईल म्हणून काकू बोलल्या नव्हत्या. वेळेवर आलात, असं म्हणून डॉक्टरांनी विचारलं, "हे लक्षात कुणाच्या आलं?" काका म्हणाले, "खांबाच्या."

उपचार सुरू झाले. काका रोज जुने फोटो उघडून बसायला लागले. एकदा मी शेजारी बसलो होतो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते खांबाकडे बघतच नाहीयेत. "यात ही दमलेली दिसते का रे?" त्यांनी विचारलं. मला खोटं बोलवेना. म्हटलं, "बऱ्याच फोटोंत, काका." ते एकेका फोटोतला काकूंचा चेहरा मोठा करून बघू लागले. शेवटी स्वयंपाकघरातून काकूच म्हणाल्या, "मला किनई एकदा तिथे समुद्राकाठी चहा घेऊन नुसतं बसायचंय. एवढ्या वेळा गेलो, पण बसले म्हणून नाही."

आता डॉक्टरांनी परवानगी दिलीय आणि तिकिटंही बुक झालीत. पायऱ्या नाहीत, टाकी नाही, तटबंदी नाही. काल संध्याकाळी काकांनी कुंपणापलीकडून मला हाक मारली. मला वाटलं हवामान विचारतील.

"तिकडच्या बाकांची उंची साधारण काय असेल रे?" ते म्हणाले. "फार बुटके असले तर हिला उठताना त्रास होईल."