संगणकाच्या पोटातला संगणक

ऐकू कमी येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणं हे माझं काम. आमच्या केंद्रात चार खोल्या. शेवटच्या अरुंद खोलीत सगळ्या केंद्राचे काका कानातली यंत्रं दुरुस्त करत बसायचे. पण पंखा कुरकुरला, दाराची कडी निघाली, तरी हाक त्यांनाच. शिक्षण बेताचं, इंग्रजीशी उभा दावा, हाताला मात्र जबरदस्त गुण.

एके सकाळी पंचविशीची एक मुलगी आली. लहानपणी माझ्याकडेच शिकलेली.

"बाई, तुम्ही आमचे आवाज रेकॉर्ड करायचात ना? माझ्या तासाला आई शेजारी बसायची. ती गेल्या वर्षी गेली. फोटो पुष्कळ आहेत, आवाज कुठेच नाही. तेव्हा मला धड ऐकू यायचं नाही. ती गेल्यावर मिळालेल्या या नव्या यंत्रानं आता छान येतं, तर..."

ती रेकॉर्डिंगं कोपऱ्यातल्या जुन्या संगणकात होती. कित्येक वर्षं मी त्याला हात लावला नव्हता. बटण दाबलं; ढिम्म. काकांनी पेटी उघडली, आत फुंकर मारली आणि म्हणाले, "बोर्ड कामातून गेलाय. डिस्क जिवंत आहे."

डिस्क दुसरीकडे जोडल्यावर फाइली दिसल्या, पण एक उघडेल तर शपथ. त्या फक्त जुन्या प्रोग्रॅममध्येच वाजायच्या, आणि तो प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालत नव्हता. मुलीचा चेहरा उतरला. काकांनी तिच्याकडे बघितलं. "दोन आठवडे दे मला, पोरी."

काकांची सून शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं असलेलं एक सॉफ्टवेअर शोधून काढलं. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, कुणीही वापरावं असं. ते एखाद्या साध्या संगणकाची साठवणीची कोठी करून टाकतं. आतली एक डिस्क मेली तरी माल शाबूत, आणि केंद्रातल्या कुठल्याही खोलीतून तो काढता येतो. ऑफिसनं टाकून दिलेला एक संगणक आणि तीन डिस्क काकांनी जमवल्या. संध्याकाळी सून इंग्रजी सूचना वाचून मराठीत सांगायची, काका वहीत आकृत्या काढायचे.

"बाबा, इथे लिहिलंय, याच्या पोटात आणखी एक संगणक तयार करता येतो."

"खोटा?"

"आभासी म्हणतात. त्याला मेमरी किती, डिस्क कोणती, ते आपण ठरवायचं. त्याला वाटतं आपण खरेच आहोत."

"मग त्याला सांगू नकोस हं," काका म्हणाले.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल त्यांनी कोठीत उतरवली, आभासी संगणक तयार केला आणि जुना प्रोग्रॅम त्यात चालावा म्हणून ती नक्कल त्याला जोडली. सुरू केला की बिघाडाचा निळा पडदा, की पुन्हा पहिल्यापासून. तीन दिवस हाच खेळ. काका जेवतानाही वही उघडून बसू लागले. शेवटी सुनेनं त्या सॉफ्टवेअरच्या मंचावर, म्हणजे वापरणारे इंटरनेटवर एकमेकांना मदत करतात त्या जागी, प्रश्न टाकला. दुसऱ्या दिवशी कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं: जुन्या प्रणालीला नव्या प्रकारची डिस्क ओळखता येत नाही, सेटिंगमध्ये डिस्कचा प्रकार बदलून जुना निवडा.

एवढंच. दुपारी मला काकांचा फोन आला. "बाई, लवकर या. म्हातारा उठून बसलाय!"

मुलगी आली तेव्हा काकांनी स्पीकर जोडून ठेवला होता. आधी माझाच तरुण आवाज आला, "म्हण, पाणी." मग खुर्ची सरकली. मग एक घोगरा, हसरा आवाज: "घाबरतेस काय? चुकलं तर चुकलं. मी आहे ना." आणि मग चिमुकलं, अर्धवट "पाई".

मुलगी एकदम हसली. "आई इतकी घोगरी होती? मला वाटायचं नाजूक असेल!" डोळे पुसत म्हणाली, "काका, पुन्हा लावा ना."

काकांनी सहा वेळा लावलं. मधल्या वेळात ते वायरी आवरत राहिले. आवरायला काही उरलं नव्हतं तरी. जाताना तिनं त्यांचे हात धरले, तर ते संकोचले. "अगं, मी नाही. ते सॉफ्टवेअर ज्यांनी केलं ना, त्यांचं हे. मी ओळखतही नाही त्यांना."

पुढच्या काही महिन्यांत आम्ही त्या जुन्या प्रोग्रॅममधून अकराशेवर मुलांचे आवाज साध्या फाइलींमध्ये उतरवले आणि सापडतील त्या घरी पोचवले. वर्षभरानं कोठीतली एक डिस्क खरंच गेली. काकांनी नवी घातली. एक शब्दही हरवला नाही.

पण मला जास्त आठवतो तो त्या दिवशी मुलगी घरी गेल्यानंतरचा अर्धा तास. काकांनी सुनेला बोलावून मंचावर त्या अनोळखी माणसाला उत्तर लिहायला बसवलं.

"काय लिहू, बाबा?"

"लिही, डिस्कचा प्रकार बदलला, काम झालं. आणि लिही, आमच्याकडे एका मुलीनं आज पहिल्यांदा तिच्या आईचा आवाज ऐकला." मग म्हणाले, "आणि विचार, त्यांच्या घरी सगळे बरे आहेत ना."

"असं तिथे कुणी विचारत नाही हो."

"नसेना का. तू लिही."

तिनं लिहिलं.