सहा तालुक्यांच्या मधली जागा

धानोऱ्याचा हेमकांत अकरा महिन्यांपूर्वी नंदुरबारला आमच्या कार्यालयात कंत्राटावर लागला, संगणकावर आकडे भरायला. माणूस गुणी, पण घराणं बांध कोरणारं. त्याचे वडील भिलाबापू नांगर धरला की शेजाऱ्याचा वीतभर बांध आपल्यात घेतल्याशिवाय घरी येत नाहीत. मोकळी जागा दिसली की हेमकांतच्याही पोटात दुखतं.

मार्चअखेर त्याची मुदत संपत होती. साहेब म्हणाले, "सहाही तालुक्यांच्या पावसाचे आलेख एका पानावर द्या. बैठक नीट झाली तर मुदतवाढीवर सही करतो."

हेमकांत मोबाईलवर व्हिडिओ बघून पायथन ही संगणकाची भाषा शिकलेला. त्याने आलेखांच्या तीन-तीनच्या दोन ओळी लावल्या. दोन आलेखांमध्ये किती जागा सोडायची, तो आकडा त्यात आपण द्यायचा असतो. ह्या पठ्ठ्याने दिला शून्य.

झालं. खालच्या आलेखांची नावं वरच्यांच्या पायाशी जाऊन चिकटली आणि साहेबांना ती वरच्यांचीच वाटली. शहाद्याच्या सपाटीवरचा बेताचा पाऊस धडगावच्या डोंगरात पडला. साहेबांनी लगेच धडगावचे आमचे कर्मचारी करमसिंग यांना फोनवर झापलं, जणू पाऊस तेच पाडतात. मग चूक कळली, आणि कागद हेमकांतच्या टेबलावर आपटला गेला. बैठक दुसऱ्या दिवशी होती.

"जागा सोड ना, भाऊ," मी म्हटलं.

"कागद वाया जास, रंजिताताई."

"नोकरी गयी ते चाली का?"

त्याने शून्याचा पॉइंट शून्य पाच केला आणि सुस्कारा सोडला. काही सुटलं नाही. मग पॉइंट एक. मग दोन. दर वेळी माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच त्याची जमीन लाटतेय. अंतर आपोआप ठरवायची सोयही त्यात आहे, ती मी दाखवली. पण मोजणी दुसऱ्यावर सोपवणं त्यांच्या रक्तातच नाही. शेवटी उभं अंतर पॉइंट पाचवर आलं, आडवं तीनवर, आणि सहा तालुके सुटे झाले. पान खरंच देखणं दिसत होतं. मला त्याचं कौतुक वाटलं, आणि मी ते बोलून दाखवलं.

बैठक छान झाली. साहेबांनी सही केली. आदेश हातात पडल्यावर हेमकांतने तो दोनदा वाचला आणि साहेबांपुढे धरला.

"साहेब, जुना आदेश एकतीस मार्चला संपतो, नवा दोन एप्रिलला सुरू होतो. एक तारीख राहिली."

"ती मोकळी ठेवावीच लागते," साहेब म्हणाले. "मुदती एकमेकींना चिकटल्या, तर उद्या तुम्ही कायम करा म्हणाल."

हेमकांतने आदेश घडी करून खिशात ठेवला. मला उत्तर सुचलं होतं, पण माझाही मुदतवाढीचा आदेश त्याच टेबलावर सहीला पडला होता.