शास्त्रीबुवांच्या सावलीवर चालणारी पेटी

आमचे ढुंढिराज मुळातच भित्रे. काशीच्या बालाजी घाटावर माकडाने दात विचकले तरी रस्ता बदलायचे. अठ्ठ्याण्णव साली त्यांना एका सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरची हंगामी नोकरी लागली आणि ही भीती दुप्पट झाली.

ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एका पेटीला, म्हणजे स्विचला, जोडलेले होते. हजेरीचं कार्ड घासलं की त्या पेटीतल्या घड्याळाची वेळ नोंदली जायची. ते घड्याळ ढुंढिराज रोज आपल्या मनगटावरचं बघून लावत, आणि मनगटावरचं घरच्या घड्याळावरून. घरी वडील, बिंदुमाधवशास्त्री, दुपारी घाटावर शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, सावली पाहून घड्याळ लावायचे. संध्येला काशीचा सूर्य लागतो, सरकारी वेळ नव्हे, असा त्यांचा खाक्या.

कार्तिकात संकठा घाटावरच्या सीताकाकूंवर गदा आली. त्या ऑफिसात झाडलोट करायच्या. कार्डावर रोज उशीर, म्हणून त्यांना काढायचं ठरलं. बाबू लोकांचा उशीर कोण विचारतो!

त्याच दिवशी साहेब म्हणाले, "पेटी टाइम सर्व्हरला जोडा. बरोबर वेळ बाहेरून आपोआप येईल."

ढुंढिराजांनी जोडली. पडद्यावरची वेळ एकदम पाव तास मागे आली. कार्तिकात सूर्य घड्याळाच्या पुढे असतो, हे शास्त्र्याच्या मुलाला कोणी शिकवायला नको होतं. सावलीवरचं घड्याळ पुढे, म्हणून पेटीही पुढे; काकू कधी उशिरा आल्याच नव्हत्या.

गप्प बसलं तर कोणाला कळणार नव्हतं. बोललं तर स्वतःची नोकरी जाणार. साहेबांच्या दारापर्यंत जाऊन ते परत फिरले, पुन्हा गेले, पुन्हा फिरले. इतकं भिणाऱ्या माणसाचा मला खरं तर रागच येतो. पण शेवटी आत गेले.

"साहेब, घड्याळ पुढे होतं. मीच लावत होतो. काकू वेळेवर यायच्या."

साहेब म्हणाले, "काकूंना राहू द्या. तुमचं उद्या बघतो."

दारात काकू झाडू घेऊन उभ्या होत्या. ढुंढिराज मान खाली घालून बाहेर आले.

"मी वेळेवर होते?" काकूंनी विचारलं. "अरे ढुंढी, मग बुखार में पडलेल्या पोरीला एकटीला कोंडून मी रोज भागत का येत होते रे?"