तारेवरचे बोंबील

दुसऱ्या महायुद्धाला अजून काही वर्षं अवकाश होता. त्या दिवाळीच्या सुमारास आमचा सिग्नल सेक्शन सरावासाठी रत्नागिरीला आला. गाव माझंच. इतरांना रजा मिळेना, आणि मला सरकारी खर्चाने घर. कातळसड्यावर तंबू, तंबूत ट्रान्समीटर, आणि सेटवर हवालदार धोंडू सकपाळ, मंडणगडचे.

कातळात अर्थिंगची पहार शिरत नाही. म्हणून हवालदारांनी एरियलखाली छातीएवढ्या उंचीवर दुसरी तार ताणली. जमिनीचं काम ती करी. मग कॉईलवरची क्लिप वेढ्यावेढ्याने सरकवत ते मीटरचा काटा बघत बसले.

"एवढी खटपट कशाला, हवालदार?"

"हंड्यातलं पाणी बाटलीत वततोस तेव्हा नरसाळं लावतोस ना? ही कॉईल म्हंजे नरसाळं. सेटचं तोंड एरियलच्या तोंडाशी जमलं पायजे. नायतर पावर भायेर जात नाय, काचेचा व्हॉल्व्ह आतल्या आत भाजतो."

मी मान डोलावली. समजलं काहीच नव्हतं, हे दुसऱ्या सकाळी मी स्वतःच टांगून दाखवलं. आईने समुद्राच्या पाण्यात धुतलेले ओले बोंबील पाठवले होते. समोर, भर उन्हात, सरकारने ताणलेली सुरेख तार. कोकणी माणसाने करायचं काय? जबड्यात जबडा अडकवून मी अख्खी रांग लावली.

दुपारी वारा फिरला. आमचे सहा जवान छोटा सेट घेऊन मचव्यातून केळशीकडे निघाले होते. बंदरावरून निरोप आला: वादळ येतंय, मचवा जवळच्या खाडीत घ्यायला सांगा.

मी मोर्सची की दाबली. काटा हलेना. व्हॉल्व्हची प्लेट लाल होऊ लागली.

"सोड!" हवालदार बाहेर धावले आणि जागीच थबकले. "मेल्या, ही तार हाय का तुझ्या आयशीची दोरी? ओल्या खाऱ्या बोंबलांनी जमलेलं तोंड बिघडवलं!"

चूक सुधारायच्या घाईत मी बोंबलांसकट तारच ओढली. ती मधोमध तुटली. हवालदारांनी शिवी दिली नाही. तेव्हा मी खरा घाबरलो.

उरलेली अर्धी तार त्यांनी बांबूला बांधली. "कीवर बस. दुसरा व्हॉल्व्ह नाय आपल्याकडं."

अर्ध्या तारेला क्लिपची जुनी जागा चालणार नव्हती.

"दाब."

"सोड." क्लिप एक वेढा पुढे.

"दाब. सोड."

तंबूचे खुंटे उखडत होते. हवालदारांची बोटं मात्र घाई करत नव्हती. प्लेट लाल व्हायच्या आत ते मला थांबवत, क्लिप पुन्हा एक वेढा सरकवत. शेवटी काटा उठला.

"पाठव."

मी पाठवलं. थोड्या वेळाने हेडफोनमध्ये बारीक टिकटिक आली: समजलं, खाडीत शिरतो.

तार कशी तुटली, असं जमादार साहेबांनी विचारलं. "वाऱ्यानं, साब," हवालदार म्हणाले. मग बोंबील भाजून स्वतःच खाल्ले. मला एक दिला. डोक्याकडचा.

पुढे लढाईत, आफ्रिकेच्या वाळवंटात, ते तुटलेली एरियल सांधायला खंदकाबाहेर गेले. तार सांधली. परतताना तोफगोळ्याची कपची लागली. ज्यांनी त्यांना मूठमाती दिली, त्यांत मचव्यातले दोघे होते.

सेट माझ्याकडे आला. मी आधी बाहेर जाऊन तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग आत आलो, क्लिपला हात घातला आणि कीवरच्या जवानाला म्हटलं, "दाब."